उलव्याची खोली

वहिनीचा फोन आला तेव्हा मी खांदेश्वरच्या बाजारात जवळा घेत होते. "तुजा दादूस गेला गो..." एवढंच ती बोलली. आम्ही आगरी थोरल्या भावाला दादूस म्हणतो. माझा दादूस कर्करोगानं गेला नाही. उलव्याच्या खोलीत एकटाच असताना हृदय बंद पडून गेला. त्याचा मला अजून राग येतो.

कर्करोग तर सुरुवातीलाच सापडला होता. डॉक्टरांनी प्रोस्टेटमध्ये तांदळाच्या कणीएवढे किरणोत्सर्गी दाणे कायमचे बसवले. आतल्या आत ते रोग जाळणार होते. त्याच सुमारास त्याची मुलगी पहिल्या बाळंतपणाला नेरूळला माहेरी आली. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं... घरातच राहा, फक्त काही आठवडे तिला खेटून बसू नका, बाळाला मांडीवर घेऊ नका. दादूसनं त्याचा विटाळच मानला. कपडे पिशवीत भरले आणि भाडेकरू सोडून गेलेल्या उलव्याच्या खोलीत जाऊन राहिला. "डॉक्टरपेक्षा तू शाना काय रं?" मी फोनवर भांडले. तो हसला. "आगो, थोऱ्या दिसांचा तं परश्न हाय. मंग नातवाला मांडीवरशी खाली ठेवनारच नाय."

बारशाला आला, तोही दारापर्यंतच. बायका पाळणा म्हणत होत्या, हा बाहेरून मान उंच करून बघत होता. वहिनीनं बाळ उचलून दाखवलं तर हाच मागे सरला. "बाबा, आत या ना, डॉक्टर काय बोलले ते मी पण ऐकलंय," पोरगी म्हणाली. "नको गो, बाल लहान हाय." जेवलासुद्धा नाही. मुदत संपत आली होती आणि तो गेला.

अंत्यसंस्काराआधी हॉस्पिटलला कळवावं लागलं. दाण्यांतली ताकद अजून संपली नव्हती. राखेला हात लावू नका, खाडीत सोडू नका, बंद डब्यात ठेवा, मुलांना जवळ नेऊ नका, असं त्यांनी बजावलं. राख सावडायला आम्ही जमलो आणि हात बांधून उभे राहिलो. आमचे सगळे ज्या खाडीत गेले, तिथं जायला दादूसला अजून बराच काळ थांबायचं आहे.

डबा उलव्याच्याच खोलीत ठेवला आहे. परवा मी दिवा लावायला गेले, तर मागोमाग भाची बाळाला घेऊन आली आणि जिन्यातच थांबली. मी कुलूप काढलं.

"आत्या," ती खालून म्हणाली, "बाबांना सांग, आम्ही आलोय."