अण्णाच्या ओठांचा निळा रंग

मुलांनो, परवा फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, तू केमिस्ट्री शिकवायचीस ना, मग तू कधी काही शोधून काढलंस का?" मी "हो" म्हटलं आणि तेवढ्यात तिची शाळेची बस आली. त्या "हो"ची हकिकत आता क्रमाने लिहिते. इतक्या वर्षांनीही लिहिताना पेन आवरत नाही, हे आधीच कबूल करते.

छप्पन साली आमच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा मी शाळेत होते. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, त्यानंतर एकच धोशा लावला: मुलीने इंग्रजीतून शिकायचं आणि मध्ये थांबायचं नाही. माझा मोठा भाऊ, अण्णा, तोवर हुबळीतल्या उणकल तळ्याजवळच्या एका रंगखान्यात कामाला लागला होता. पुढे आठेक वर्षांनी मी विद्यानगरातल्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर झाले, मुलांची प्रात्यक्षिकं घ्यायला. अण्णा तेव्हा रंगखान्याचा मुख्य रंगारी होता. तो मला चिडवायचा, "मास्तरीणबाई, तुमचा रंग नळीत बसून राहतो. माझा बाजारभर फिरतो."

फिरायचाच. त्या रंगखान्यात इरकल लुगड्यांचं काळं सूत रंगवत. संक्रांतीला बायका काळं नेसतात, म्हणून दिवाळी संपली की दाजीबानपेठेतले व्यापारी सुतासाठी रोज माणूस पाठवायचे. हा काळा रंग अ‍ॅनिलिन नावाच्या तेलकट द्रवापासून व्हायचा. कामगार त्याला नुसतं "तेल" म्हणत. तेलाच्या हौदात सुताच्या लडी बुडवायच्या, हातांनी पिळायच्या आणि उबदार खोलीत टांगायच्या. पांढरं सूत आधी हिरवं व्हायचं, मग बघता बघता काळं, आणि ते काळं कितीही धुतलं तरी जायचं नाही. अण्णाच्या हातची लडी व्यापारी डोळे मिटून घेत.

त्या डिसेंबरातल्या एका शनिवारी अण्णा सायकल हातात धरून, चालत घरी आला. धाप लागली होती. ओठ जांभळं खाल्ल्यासारखे निळे, नखांखालीही तोच रंग. "डोकं ठणकतंय," म्हणाला, दोन गोळ्या घेतल्या आणि आडवा झाला. सोमवारी सकाळी ओठ जवळजवळ नेहमीसारखे. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. रंगखान्यात येणाऱ्या डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं, हृदय कमजोर आहे. मालकांनी निकाल दिला, "संक्रांतीपर्यंत ओढ. मग घरी बस. हौदावर कमजोर माणूस नको." अण्णा तेहतीस वर्षांचा होता. हे त्याने आम्हाला हसत हसत सांगितलं, पण ताटातली भाकरी तशीच राहिली.

मला त्याचं हृदय कमजोर वाटेना. कमजोर हृदय रविवारी सुट्टी घेतं का? सोमवारी सकाळी मी कॉलेजच्या लायब्ररीतलं एक जाड इंग्रजी पुस्तक काढलं आणि उभ्यानेच वाचत सुटले. पानाच्या मध्यावर होतं: अ‍ॅनिलिन अंगात गेलं की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, डोकं दुखतं, धाप लागते, ओठ निळे पडतात. मी पुस्तक तसंच उघडं घेऊन आमच्या सरांकडे धावले.

सर शांतपणे म्हणाले, "पुस्तक दाखवून मालक ऐकायचा नाही. तीन गोष्टी दाखव. ते माणसांच्या अंगात आहे का, कुणाच्या किती आहे, आणि कुठून जातं."

मी वहीच्या पहिल्या पानावर तेच तीन प्रश्न लिहिले. ती वही अजून माझ्याकडे आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. अंगात गेलेलं अ‍ॅनिलिन रूप बदलून लघवीतून बाहेर पडतं. ती लघवी आम्ल घालून उकळायची, गार करायची, क्रेसॉलचे थेंब टाकायचे, शेवटी अमोनिया घालून नळी हलवायची. तो पदार्थ असेल तर नळी निळी होते. साध्या कॉलेजात जमेल अशी परीक्षा!

सोपं नव्हतं ते अण्णाला पटवणं. "माझी नोकरी घालवशील."

"ती संक्रांतीला जाणारच आहे की."

यावर तो सायकल पुसायला लागला, आणि मी तो होकार समजले. मालकांना मी खरं तेच सांगितलं. ते म्हणाले, "तपासा. सगळे ठणठणीत निघाले की विषय बंद."

शनिवारी संध्याकाळी शाईच्या धुतलेल्या बारा बाटल्या, प्रत्येकीवर नंबर, अशी पिशवी घेऊन मी फाटकाशी उभी राहिले. पुरुष माना खाली घालून बाटल्या नेऊ लागले. लडी पिळणाऱ्या एक लिंगायत अक्का होत्या, चाळिशीच्या, आवाज हौदापासून फाटकापर्यंत जाणारा. मला धाकटी बहीण मानून त्या कानडी वळणाने म्हणाल्या, "एन तंगी, गाईचं मागतात ते ऐकलं होतं. आता आमचंही मागायला लागलात?" सगळे हसले आणि काम सोपं झालं. तुलनेसाठी मला तेलाजवळ न फिरकणारा एक माणूस हवा होता, म्हणून रंगखान्याचे हिशेब लिहिणाऱ्या गुमास्त्यांना गाठलं. ते लाजून म्हणाले, "बाई, माझी कशाला? मी कागदाचा माणूस."

रविवारी प्रयोगशाळा उघडवून घेतली. पहिली नळी हलवली आणि ती निळी झाली! मी एकटीच ओरडले. दुसरी निळी, तिसरी निळी. बाराव्या नळीपर्यंत माझा आनंद पार उतरला होता, कारण बारावी गुमास्त्यांची होती आणि तीही छान निळी होती. कागदाचा माणूस निळा कसा? मग माझ्या परीक्षेचा भरवसा काय?

सरांनी सोमवारी नळ्या पाहिल्या आणि एवढंच विचारलं, "तिथे डोकेदुखीच्या गोळ्या कोण वाटतं?"

गुमास्ते वाटायचे. त्यांच्या खणात गोळ्यांची बरणी असायची. कुणाचं डोकं दुखलं की ते दोन गोळ्या द्यायचे, आणि स्वतः प्रत्येक चहाबरोबर एक. त्या काळच्या गोळीतलं एक औषध अंगात गेलं की अ‍ॅनिलिनपासून होतो तोच पदार्थ तयार करायचं. शिवाय ओठ निळे करण्यात तेही थोडा हातभार लावायचं. म्हणजे तेलाने डोकं दुखायचं, आणि त्यावरच्या गोळीने माझी परीक्षाच फसवली होती!

मी धावत रंगखान्यात गेले. "बुधवारपासून शनिवारपर्यंत कुणीही गोळी घ्यायची नाही. गुमास्ते, तुम्हीसुद्धा."

"मग डोकं दुखलं तर?" एकाने विचारलं.

अक्का म्हणाल्या, "गुमास्त्यांच्या डोक्यावर आपट."

पुढच्या शनिवारी पुन्हा बारा बाटल्या. गुमास्त्यांची नळी पिवळीच राहिली आणि मी त्या पिवळ्या रंगाला हात जोडले. बाकीच्या कमीजास्त निळ्या. पहिला प्रश्न सुटला. दुसरा मात्र अडला: कुणाच्या किती? रंगाची खोली मोजायचं यंत्र कॉलेजात नव्हतं. मी नळ्या पुढेमागे करून थकले. माझ्या डोळ्यांना मधल्या सात-आठ सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

आणि मग मला माझ्याच मूर्खपणाचं हसू आलं. सबंध हुबळीत रंगाची खोली ओळखणारा सगळ्यात पक्का डोळा आमच्याच घरात वर्तमानपत्र वाचत बसला होता.

अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या कॉलेजात आला. दाराशी चपला काढायला लागला, मी नको म्हटलं. नंबरांवर मी कागद चिकटवले होते. त्याने हात धुतले, खोलीभर पाहिलं आणि नळ्यांची घोडी उचलून उत्तरेच्या खिडकीत नेली. "रंग उत्तरेच्या उजेडात बघायचा असतो, मास्तरीणबाई. एवढंही शिकवत नाहीत?" मग तो कामाला लागला. नळी उचलायची, शेजारचीशी लावायची, जागा बदलायची. दहा मिनिटांत बारा नळ्या फिक्यापासून गडदपर्यंत अशा ओळीत उभ्या राहिल्या की मलाही आता फरक दिसायला लागला.

"ही सगळ्यात दाट," तो शेवटच्या नळीवर बोट ठेवून म्हणाला. "एवढा माल कुणी खाल्लाय?"

मी कागद काढला. "तू."

त्याने ती नळी पुन्हा उजेडात धरली. मग हळूच म्हणाला, "म्हणजे हृदय नाही."

"हृदय नाही, अण्णा."

त्याने दुसऱ्या टोकाला बोट नेलं. "आणि या दोन कोऱ्यासारख्या. एक गुमास्त्यांची असणार. दुसरी?"

मी कागद सोलला आणि नंबर दोनदा वाचला. दुसरी अक्कांची होती. त्याच हौदावर उभ्या राहून त्याच लडी पिळणाऱ्या अक्का! हवा सगळ्यांची एकच, हात सगळ्यांचे तेलात. मग त्या कशा सुटल्या?

सोमवारी दुपारी मी हौदापाशी स्टूल टाकून बसले. काम चालू असेपर्यंत काही फरक दिसला नाही. कळलं ते सहाच्या भोंग्यानंतर. पुरुषांनी हौदाचे कपडे अंगावरच ठेवले, वरून दुसरा सदरा चढवला आणि निघाले. ही तिथली रीतच होती. हौदाचे कपडे रविवारी एकदा पाण्यातून काढायचे. काळ्यातलं काळं रोज काय धुवायचं? उलट ज्याचे कपडे जास्त कडक तो जास्त जुना रंगारी, असा मान होता. अण्णाचे कपडे तर भिंतीला टेकवून उभे राहिले असते.

अक्का मात्र नळावर गेल्या, कोपरापर्यंत साबण लावला, आडोशाला लुगडं बदललं आणि ओलं लुगडं घेऊन तळ्याच्या दगडाकडे चालू लागल्या. मी मागोमाग पळाले.

"अक्का, रोज धुता?"

"मग? सकाळी लिंगपूजा करायची तर अंगाला हा वास चालेल का, तंगी? दोन लुगडी आहेत. एक धुते, एक नेसते."

मी तिथेच तळ्याच्या काठावर उडी मारली. शनिवार! सोमवारी कपडे धुतलेले, मंगळवारी थोडं तेल प्यायलेले, आणि शनिवारपर्यंत तेलाने भिजलेला सदरा दिवसरात्र कातडीला चिकटलेला. तेल नाकापेक्षा कातडीतून आत जात होतं. तिसरा प्रश्न सुटला!

घरी येऊन सांगितलं तर अण्णा खो खो हसला. "म्हणजे आता आपण बौद्धांनी सोवळं पाळायचं?"

"सोवळं नाही, साबण."

दुसऱ्या दिवशी मालकांसमोर मी अण्णाच्या हौदाच्या सदऱ्याचा कोपरा कापला, पाण्यात कुस्करला, गाळला आणि त्यांच्याच रंगखान्यातल्या ब्लीचिंग पावडरचं पाणी त्यात टाकलं. ग्लासातलं पाणी जांभळं झालं. मालक खुर्चीतून उठले.

"हे काय?"

"तेल. हा कपडा घालून तो झोपतो."

शनिवारपर्यंतची मुदत ठरली. प्रत्येकाला कपड्यांचे दोन जोड, भोंग्याआधी अर्धा तास नळ आणि साबण, हौदाचे कपडे रोज तिथेच धुवायचे आणि गोळ्यांची बरणी बंद. मालक म्हणाले, "आणि शनिवारी तरीही ओठ निळे दिसले तर?"

"तर डॉक्टरांचं खरं. मी पुन्हा येणार नाही."

बोलून बसले आणि मग लक्षात आलं. अण्णाची नोकरी मी चार दिवसांवर लावली होती. गुरुवारी रात्री मी त्याच्या तोंडाकडे इतकी बघत राहिले की तो म्हणाला, "ओठ रंगवून घेऊ का, म्हणजे तू जेवशील?"

शनिवारी संध्याकाळी अण्णा सायकलवर बसून आला. घंटी वाजवत! धाप नाही, डोकं दुखत नाही. ओठ थोडे फिके, पण ओठांच्याच रंगाचे. तरी मी बाटलीवर अडून बसले. मालकही हट्टाने रविवारी प्रयोगशाळेत आले.

एवढ्याने तेल निरुपद्रवी झालं असं समजू नका. मी मालकांना तसं लिहूनही दिलं. त्याच वर्षी रबरी हातमोजे आले, आणि पुढे काही वर्षांनी त्यांनी तो काळा रंगच सोडून दुसरा धरला. पण त्या रविवारी माझ्यासमोर अण्णाची एकच नळी होती. अमोनिया घातला, हलवली आणि न बघताच अण्णाच्या हातात दिली.

तो उत्तरेच्या खिडकीशी गेला. नळी तिरकी केली, सरळ केली, मागे पांढरा कागद धरला. मालक त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"काय रे?" त्यांनी विचारलं. "कसा आहे?"

"बाजारात चालणार नाही, मालक," अण्णा म्हणाला. "आयुष्यात इतका फिका रंग मी कधी काढला नाही."

मालकांनी नळी त्याच्याकडून घेतली, स्वतः उजेडात धरली आणि परत देत म्हणाले, "उद्या वेळेवर ये. संक्रांतीनंतर छत्रीवाल्यांचं सूत काळं करायचंय."