कोरड्या कालव्यातली नाव

या सहलीला मी फुकट गेले, हे आधीच सांगून टाकते. वडिलांनी छापलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकले. 'साहित्य ही चैनीची वस्तू नाही' हे पत्रक तर गेल्याच वर्षी मी स्वतः लिहिलं. तरीही 'कालव्यांच्या नगरीत राजेशाही वाङ्मयविहार' या सहलीच्या पत्रिकेवर 'तरुण बंडखोर लेखिका' म्हणून माझं नाव छापलं गेलं आणि पुण्याच्या तीस सुखवस्तू वाचकांबरोबर मी निघाले. संचालक निरगुडकर म्हणाले, "ताटात लोणचं लागतंच हो. फक्त बोटभर!"

त्रिचीच्या विमानतळावर चंदनाचा टिळा, गार टॉवेल आणि परदेशी कोल्याची बाटली मिळाली. देश खुला झाला म्हणतात तो असा, बाटलीच्या बुचापासून. वातानुकूलित बसच्या निळ्या काचांमधून कापणी झालेली भातखाचरंही निळीच दिसत होती.

तंजावूरात आधी मोठ्या देवळाचं शिखर दिसतं, मग त्याखालचं गाव. राजवाड्यातल्या ग्रंथालयाला कार्यक्रमात वीस मिनिटं होती आणि रेशमी साड्यांच्या दुकानाला दोन तास. ताडपत्रांच्या कपाटासमोर आमच्या वाचक मंडळाच्या अध्यक्षा पालेकरबाईंनी विचारलं, "यातलं इंग्रजीत काही नाही का?"

दुसऱ्या दिवशी मुख्य सोहळा होता: कालव्यातून नौकाविहार करत कथावाचन. बस काठावर थांबली. खाली वाळू होती, शेळ्या होत्या आणि वाळत घातलेल्या वेष्ट्या (लुंगीसारखी नेसायची धोतरं) होत्या. पाणी नव्हतं. वरच्या धरणाचं पाणी जानेवारीअखेर बंद होतं, ते जूनच्या सुमाराला सुटतं, हे त्या शेळ्यांनाही ठाऊक असावं. निरगुडकरांनी फेब्रुवारी निवडला होता, कारण तेव्हा हवा सुखद असते.

पण नाव ठरली होती म्हणजे ठरली होती. झेंडूच्या माळांसकट ती ट्रकमधून आणून वाळूत उभी केली होती. आम्ही शिडीने चढलो. दोन नावाड्यांनी फोटोसाठी वाळूत वल्हं मारलं आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

नावेत पद्माबाई आधीच येऊन बसल्या होत्या. पन्नाशीच्या, पापनाशमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या. त्यांचे पूर्वज मराठा राजांच्या वेळी इकडे आले. निरगुडकरांचं इंग्रजी पत्र त्यांनी पर्समध्ये जपून ठेवलं होतं. त्यात कथावाचनासाठी अर्धा तास कबूल केला होता. तीस वर्षं त्या मराठीत गोष्टी लिहीत होत्या आणि मराठी वाचकांसमोर आजवर एकही वाचलेली नव्हती. त्यासाठी रजा काढून सकाळच्या पहिल्या बसने त्या आल्या होत्या.

निरगुडकरांनी पद्माबाईंची गोष्टींची वही उघडली आणि त्यांचा चेहरा पडला. "बाई, हे तर तमिळ आहे!"

"मराठींच आहे कीं. अक्षर तेवढें तमिळ. घरांत मराठी बोलतों, शाळेंत तमिळ शिकलों. मग कशांत लिहूं?"

"लोकांनी पैसे मराठी साहित्याचे भरलेत. असं करा, हे छापील स्वागत वाचा."

पद्माबाईंनी कागद उलटसुलट पाहिला. देवनागरी त्यांना येत नव्हती. "मग नुसता नमस्कार करा," निरगुडकर म्हणाले. "फोटो छान येईल."

पालेकरबाईंनी मायेने पुढे वाकून विचारलं, "यू स्पीक मराठी ॲट होम?"

"होय. तुम्हीं बोलत नाहीं कां?"

माझ्या वाचनाला चाळीस मिनिटं होती. 'सामान्य माणूस आणि साहित्य' हा माझा निबंध सामान्य माणसाला खाली बसवून वाचायचा, हे मला जमेना. मी उठले, माझी वेळ पद्माबाईंची आहे असं जाहीर केलं आणि निरगुडकरांच्या नजरेतून कायमची उतरले.

पद्माबाईंची गोष्ट अशी. तंजावूरचा एक माणूस पुण्याला आपल्या दूरच्या भाऊबंदांकडे जातो. ते दिवसभर त्याच्याशी आदबीने इंग्रजीत बोलतात. संध्याकाळी मोलकरणीला रागावताना मात्र त्यांना मराठी येते. तो उठून मागच्या दारी मोलकरणीशेजारी जाऊन बसतो.

पहिल्या वाक्याला मंडळी हसली. "किती गोड बोलतात नाही!" तिसऱ्या पानापर्यंत गोष्टीला हसू लागली. मग हसू थांबलं. पालेकरबाई पंख्याने वारा घेऊ लागल्या. एकच पान उरलं असताना निरगुडकरांनी घंटा वाजवली. "मंडळी, शाही मराठा भोजन! नूडल्स गार होतील!"

मंडळी एकेक करून शिडी उतरली. नावेत आम्ही दोघीच.

"वाचा ना शेवट," मी म्हणाले.

"एकलीला काय वाचूं? आधीं जेव." त्यांनी डबा उघडला. आंबट भाजी (चिंचेच्या कोळातली पालेभाजी) आणि भात होता. तोंड आंबून गेलं, तरी मी दोनदा मागून घेतली. मग त्यांनी वहीतून शेवटचं पान अलगद सुटं करून मला दिलं. "घरीं जाऊन वाच."

"मला तमिळ येत नाही हो."

"मराठींच आहे म्हण्टलें कीं ग! अक्षरें शीक. पत्रकें लिहितेस, एवढें होणार नाहीं?"

परतीच्या विमानात साड्यांचे काठ मोजले जात होते. मी बाजारातून घेतलेल्या तमिळ अंकलिपीत डोकं खुपसून बसले होते. क, ख, ग, घ या चौघांना एकच अक्षर! सामान्य माणसासाठी लिहिते म्हणणारी मी, त्याची लिपी गिरवताना पहिलीतल्या पोरीइतकीच अडखळत होते. पान वाचून संपायला तीन आठवडे लागले. मग तमिळ अक्षरांत पद्माबाईंना मराठी पत्र लिहिलं: नाव, शेळ्या, निरगुडकर, माफी, सगळं.

पत्र परत आलं. गणिताच्या बाईंनी लाल शाईने चुका दुरुस्त केल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं: "दहांत चार. गोष्ट कशी वाटली, तें मात्र लिहिलें नाहींस."

मी नवा कागद घेतला आहे.