ऋषभचा शून्य चुकांचा कागद

“मामा, तो शब्द झाकला तर तपासणाऱ्याला चूक दिसणार काय?”

“न झाकता तो पुढं वाचतोय व्हय? तिथंच अडतोय न्हवं? आणि त्याचा कागद न्हाय, तर पुण्याचे डीलर मशीन उचलत न्हाईत. झाक आणि गप बस.”

दोन हजार दोन साल असेल. उद्यमनगरात आमच्या घराची पुढची खोली मशीनं बनवणाऱ्या आप्पासोंनी ऑफिसला घेतली होती. मधली भिंत एवढी पातळ, की कान लावायचेही कष्ट नव्हते. वाद घालत होता तो त्यांचा भाचा ऋषभ, जयसिंगपूरचा. पत्रा दाबायच्या प्रेस मशीनमध्ये चिप असते, तिचा प्रोग्राम तो सी भाषेत लिहायचा.

माझी शाळा दुसरीपर्यंत. चहा द्यायला गेले की मला कळेल असं सांगायचा.

“आजी, भाकरी थापताना नळाला पाणी आलं तर?”

“भाकरी तव्यावर टाकून पळते की.”

“चिपचं तसंच. स्टॉपचं बटण दाबलं की हातातलं अर्धं टाकून पळायचं. ते सांगायला ह्या चिपवाल्यांनी सी भाषेत आपला एक जादा शब्द घातलाय. मशीन न चालवता, नुसता प्रोग्राम वाचून चुका काढणारं सॉफ्टवेअर हाय, तोच आमचा तपासणारा, त्याला तो शब्द ठाऊक न्हाय, म्हणून अडतोय. त्याच्यापुरता झाकला, की त्याला वाटतं पाणी कधी येतच न्हाय.”

“मग भाकरी करपंल हे त्याला कुठनं कळायचं?”

“तेच की.”

पण मामांनीच शिकवलेला पोरगा, किती ताणणार? शब्द झाकला. तपासणीच्या कागदावर आलं, चुका शून्य. आप्पासोंनी पेढे वाटले. मीही खाल्ले.

गडमुडशिंगीचा ज्ञानू एका कारखान्यात त्याच प्रोग्रामच्या मशीनवर कामाला होता. पत्रा वाकडा बसला म्हणून त्यानं स्टॉप दाबलं आणि सरळ करायला हात घातला. ऋषभनं मला नंतर सांगितलं, स्टॉप दाबलं नेमकं तेव्हाच चिप मशीन कुठं थांबायचं त्याचा आकडा वाचत होती. अर्धा वाचून झाला आणि स्टॉपनं तो बदलला, म्हणून उरलेला अर्धा नवा आला, आणि आकडा भलताच झाला. मशीन थांबल्यासारखं झालं आणि पुन्हा खाली आलं. उजव्या हाताची बोटं गेली.

चौकशीला माणसं आली. ऋषभ म्हणाला, “चूक माझ्या प्रोग्रामात हाय.” त्यांनी कागदावरचं शून्य बघितलं आणि कामगाराचा निष्काळजीपणा म्हणून लिहून गेले.

ऋषभनं प्रोग्राम दुरुस्त करून तपासला. शून्य. जुना पुन्हा तपासला. तोही शून्य. आप्पासोंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

“फरक दाव मला. न्हाय न्हवं? नव्या मशीनात घाल तुझा नवा प्रोग्राम. पण विकलेली उघडून गावभर बोंब मारू व्हय?”

मग ऋषभनं एकेका कारखान्याला फोन लावले. पलीकडून हसून सांगायचे, “तुमचाच कागद शून्य म्हणतोय की, पावणं.”

तो वाद घालायचा थांबला. डबा तसाच परत न्यायचा. रस्त्यानं पत्र्याचा आवाज आला की हातातलं टाकून दाराशी जायचा. एकदा म्हणाला, “आजी, ती मशीनं आत्ताबी चालू हायत. मी काढलेला कागद मलाच खोटं पाडतोय.” मी चहात साखर जास्त घातली, तेवढंच.

दिवाळीनंतर त्यानं काम सोडलं. वडलांच्या बियाण्यांच्या दुकानात बसायचं ठरलं होतं. शेवटच्या दिवशी एक नवं मशीन तयार होतं, दुरुस्त प्रोग्रामचं. त्यानं शब्द झाकून त्या मशीनचा शून्याचा कागद काढला, पाकिटात घालून चिकटवला, आणि स्टँडवर जाऊन पुण्याच्या गाडीत देऊन आला, नेहमीसारखा.