टँकरची चाळीस मिनिटे

निवृत्त होऊन सात वर्षे झाली, तरी दुधाचा टँकर दिसला की मी नजर चुकवत असे. त्याचे कारण आता लिहून टाकतो.

बारामतीजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात संगणक माझ्याकडे होता. टँकर निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ भरायची, किती वेळ लागला ते डेटाबेसने सांगायचे. ती क्वेरी, म्हणजे हिशेबाची सूचना, माझी. सहा पन्नास ही वेळ मी ६५० अशी साध्या आकड्यात ठेवली आणि सरळ वजाबाकी केली. पणदऱ्याचा टँकर सात पाचला निघून साडेसातला येई. पंचवीस मिनिटे, बरोबर. वालचंदनगरकडचा सहा पन्नासला निघून साडेसातला येई. ७३० वजा ६५०, ऐंशी. रस्ता चाळीस मिनिटांचा, कागदावर ऐंशी. तास साठ मिनिटांचा असतो हे मी यंत्राला सांगितलेच नव्हते.

वाटेत सणसर, त्या ड्रायव्हरची सासुरवाडी. मग काय, केंद्रावर त्याचे नाव ‘जावईबापू’ पडले. सासूने आज काय केले होते, असे सगळे रोज विचारत. घरी बायको धुसफुसे, की मला सोडून एकटेच माझ्या माहेरी जेवून येता. सासूची तक्रार उलटीच, दारावरून जातात पण उतरत नाहीत. शेवटी मॅनेजरने त्याला लेखी ताकीद दिली. त्यानंतर तो सणालाही सणसरला जाईना.

तीन महिन्यांनी इंदापूरच्या नव्या गाडीचे आकडे पाहताना चूक सापडली. आधी दोन्ही वेळांची मिनिटे केली, मग वजाबाकी केली, आणि गप्प बसलो. ऐंशीची चाळीस झाली. मॅनेजर खूश. त्याने ड्रायव्हरच्या नोंदवहीत लिहिले, ‘ताकीद दिल्यावर सुधारणा.’ मी शेजारीच उभा होतो.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी जाऊन सगळे सांगितले. तो म्हणाला, “म्हंजी आबा, मी सुधारलोच न्हाय म्हना की.”

“सुधारायला बिघडला कुठं होतास?”

“मग त्ये वहीत लिवा.”

दुसऱ्या दिवशी दोघे केंद्रावर गेलो. आताच्या मॅनेजरबाईंनी जुनी वही शोधली, माझे ऐकून घेतले आणि त्या ओळीखाली लिहिले, ‘हिशेब चुकीचा होता. ड्रायव्हर वेळेवरच येत होता.’ खाली मी सही केली. त्याने ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली, फोटो काढला आणि तिथूनच बायकोला पाठवला.

फाटकाबाहेर चहा घेतला. पैसे द्यायला मी खिशात हात घातला, तर त्याने अडवले.

“ऱ्हाऊ द्या आबा. तुमी हिशेब केला की चाळीस जास्तीच येत्यात.”