रजेवरचा मोल्डर

ती घटना आठवली की माझ्या मिशा आजही ताठ होतात. आणि या मिशा साध्या नव्हेत. त्या नुसत्या पाहून दोन फरारी आपल्या पायांनी कळंबा जेलात चालत गेले होते.

कोल्हापुरातल्या एका फौंड्रीचा मालक आमच्या पोलीस ठाण्यात आला. त्याच्या मोल्डरने, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करणाऱ्या कामगाराने, फुप्फुसाच्या आजारासाठी भरपगारी रजा घेतली होती.

"सर्टिफिकेट खोटं हाय सायेब. वॉचमननं त्याला साच्यावर बसलेला बघितलाय. गुन्हा दाखल करा, म्हंजे काढतो त्याला."

रजा घेऊन कामावर येणारा आरोपी सबंध नोकरीत मला पहिलाच. स्टेशन डायरीला नोंद केली आणि आधी दवाखाना गाठला. मोल्डर ऑक्सिजनवर. खोकायचा, पण कूस वळवता येत नव्हती. "खाटेवरून उठलेलाच नाही," नर्स म्हणाली.

तिथून थेट फौंड्री. भर दुपार, पण आत वाळूची धूळ अशी की आपलाच हात परका वाटावा. वॉचमनने माझी बाही घट्ट धरली. "त्यो बघा!"

डावा खांदा पाडून, तोंडाला टॉवेल गुंडाळून तो साच्यात वाळू ठोकत होता. मधेच खोल, ओला खोकला. मघाशी दवाखान्यात ऐकलेला, तोच.

मी झेप घेऊन टॉवेल ओढला. आत भलताच चेहरा!

तिथंच साच्यांपाशी, मालक आणि बाकीच्या कामगारांसमोर त्याचा जबाब घेताना मी अशी मूठ आपटली की ते टेबल अजून लंगडतं म्हणे. मग तो बोलता झाला.

"पैरा हाय सायेब. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, तसा. आम्ही समदे आळीपाळीनं त्याचा टॉवेल गुंडाळून बसतोय. रजा हाय, पगारबी मिळतोय. पर मागं एकजण असाच आजारी पडला, तर मालकांनी त्याच्या जागेवर दुसरा बसवला. त्यो बरा होऊन आला आन् दारातनंच माघारी गेला की."

"आणि त्याचा खोकला कोण काढतं?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. "आमच्यातलं कुणीच न्हाय."

तेवढ्यात रिकाम्या साच्याकडून खोकला आला.

मालकाचा चेहरा राखेसारखा झाला. "जागा त्याचीच," तो हात जोडत म्हणाला. "तक्रार मागं घेतो."

निरोप द्यायला मीच दवाखान्यात गेलो. "जागा राखलीय तुझी. दुसरं कुणी बसणार नाही."

मास्कच्या आत त्याचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"बरं झालं सायेब. जाऊन-यून लई दमलोय. आता जात न्हाय."

खात्याने मला पुष्कळ शिकवलं, पण हे त्या खाटेशी कळलं. आजारी माणसाला पगारी रजा दिली म्हणजे सगळं दिलं असं होत नाही. परत जायला जागा आहे याची खात्री होईपर्यंत खाटेवर त्याचं फक्त अंग असतं.