पावनखिंडीत झेंडा बायकोच्या हाती

आमच्या घरी दसऱ्याला तलवार पुजतात. पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, हे मी इंदुरात भेटेल त्याला सांगतो, न विचारताही. बायकोचं माहेर रेल्वेतल्या कारकुनांचं.

महाराज वेढ्यातून निसटून ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, त्या वाटेने दर पावसाळ्यात आमचा इंदुरी गट पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालतो. गटाचा एक रिवाज आहे. ज्याच्या हाती भगवा, तो खिंडीत पहिला उतरतो आणि आपल्या घराण्याचं नाव मोठ्याने घेतो. भगवा कुणाला द्यायचा, ते म्होरक्या आदल्या संध्याकाळी ठरवतो. मला तो हवा होता. त्यासाठी महिनोन्महिने मी इंदूरजवळची रालामंडलची टेकडी चढत होतो. बायको सोबत आली ती माझ्या गुडघ्याला तेल चोळायला, असा माझा समज होता.

मी रोज सगळ्यांच्या पुढे. चिखल असो, ओढा असो, कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. मुक्कामाच्या वाडीत सर्वांत आधी पोचायचं आणि कुणाच्यातरी ओट्यावर बसून वाट बघायची. बाकीचे बऱ्याच वेळाने हसत-खिदळत यायचे, आणि त्यांच्या मधोमध बायको. एकाची सॅक तिच्या खांद्यावर, दुसरीचा हात तिच्या हातात. जेवताना ती सियागंज बाजारातून आणलेलं जीरावन, आमचा इंदुरी मसाला, पिठल्यावर भुरभुरायची, की झालं, सगळे "भाभीजी, भाभीजी" करत तिच्याभोवती. माझी पूर्वजांची गोष्ट निम्म्यावर आली की नेमकी लोकांना झोप यायची. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

शेवटच्या मुक्कामी म्होरक्या उभा राहिला. तो इंदुरात भंवरकुआंला कोचिंग क्लासमध्ये शिकवतो, निकाल लावल्यासारखाच बोलतो.

"झंडा भाभीजी लेंगी. भिया, तुम्ही तर कल भी अकेलेच पोचाल. भाभीजींनी कुणालाच मागे पडू दिलं नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. अंगाची लाही लाही होत होती. हिला घराण्यातलं काय कळतंय, उद्या खिंडीत रेल्वेचं नाव घेईल आणि फजिती होईल, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर तसं व्हावं असंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच मी पुढे गेलो नाही. तिच्या मागे मागे, झेंड्यावर डोळे लावून चाललो. कुठे तरी पाय घसरेल, म्हणेल, घ्या हो तुम्हीच. पाय काही घसरला नाही.

खिंडीतल्या पाण्याशी ती थांबली, झेंडा उंच धरला आणि माझ्या खापरपणजोबांचं नाव, गाव, पथक, सगळं बिनचूक, खणखणीत आवाजात म्हणाली. लोकांनी जयजयकार केला. म्होरक्याने माझी पाठ थोपटली. मान आमच्याच घराण्याला मिळाला होता, तक्रारीला जागाच नव्हती, आणि मी कालच्यापेक्षा जास्त जळत होतो.

ती माझ्याजवळ आली. झेंडा पुढे केला.

"अहो, धरा ना आता."

"राहू दे. हात दुखतोय माझा."

ती हसायला लागली. "जळताय ना? जळा. कालपासून एक मिनिट नजर हटली नाही माझ्यावरून. लग्नाला इतकी वर्षं झाली, इतकं ध्यानसे कधी बघितलं नव्हतं मला तुम्ही."