वहीदभाईंची लाल रेघ

आलापल्लीच्या बसस्टँडवर दुपारी बाराच्या सुमारास चंद्रपूरची एसटी यायची आणि पेपरचा गठ्ठा उतरायचा. वहीदभाई पेपर उभ्या उभ्याच मागच्या बाजूनं उघडत. कानावरची टोकदार पेन्सिल काढायची, शेअरभावांच्या बारीक अक्षरांत दोन-तीन ठिकाणी टिंब द्यायचं, पेपर घडी घालून सायकलच्या कॅरियरला लावायचा. "पहिलं पान काऊन नाई वाचत, भाई?" असं कुणी विचारलंच, तर म्हणत, "पुढारी कालबी तेच बोलले, उद्याबी तेच बोलतीन. भाव मातर रोज नवीन बोलते."

तीस वर्षं ते वनखात्यात ट्रेसर होते. सागाच्या जंगलांचे नकाशे मेणकापडावर उतरवायचे. मोजणीच्या साखळीमागे गोंड मजुरांबरोबर मैलोन्‌मैल चाललेले. निवृत्तीनंतर त्याच हातानं ते भावांचे नकाशे काढू लागले. आलेखाच्या कागदावर रोज एक उभी काडी: वरचं टोक दिवसाचा चढा भाव, खालचं टोक उतरता, आणि बाजार जिथे बंद झाला तिथे उजवीकडे बारीकशी नोक. अशा काड्या महिनोन्‌महिने शेजारी शेजारी उभ्या राहिल्या की कागदावर टेकड्या आणि दऱ्या दिसायला लागायच्या.

"हे टेकडी पाह्य," ते मला दाखवत. "तीन खेपा भाव इथवर चढला अन् वापस आला. चवथ्या खेपेले वर गेला, तं समज का वाट सापडली. तवा घ्याचं."

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मजुरांच्या संघटनेची पत्रकं लिहीत होतो, वाटत होतो आणि बहुतेक जगाला दोनच रंगांत पाहत होतो. शेअर बाजार म्हणजे सट्टा, यात मला तिळमात्र शंका नव्हती. मी त्यांना म्हणालो, "कंपनी काय बनवते, मजुरांना काय देते, हे तुमच्या नकाशात कुठे दिसतं?"

"नाई दिसत," ते शांतपणे म्हणाले. "जंगलाच्या नकाशात वाघबी नाई दिसत, पुढारी. नाला दिसते. आपन कुठी बुडाले जाऊन राह्यलो, तेवढं समजते."

त्यांचे दोन नियम होते. शेअर घेतला त्याच दिवशी भावाच्या खाली एक लाल रेघ आखायची. भाव तिच्या खाली उतरला की विकायचं. मग नुकसान होवो, कुणी काही सांगो. "थंड्या डोक्यानं आखलेली रेघ गरम डोक्यानं पुसाची नाई." दुसरा नियम ट्रेसरचा. जी जागा मोजलेली नाही ती नकाशात कोरी सोडायची, अंदाजानं जोडायची नाही. पेपर आला नाही, तर त्या दिवसाची चौकट कोरीच राहायची.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या फंडातले बरेचसे पैसे एका संगणक कंपनीच्या शेअरमध्ये होते. जुलैत मुलगी नसीमा नागपूरला नर्सिंगला जाणार होती, तिची फी त्यातूनच भरायची होती. भाव कित्येक आठवडे चढला आणि मग उतरायला लागला. आमच्या बंदच्या आदल्या दिवशी काडीची नोक लाल रेघेच्या बोटभर वर होती.

बंद होता बिडीच्या तेंदूपत्त्याची तोडणी-मजुरी वाढावी म्हणून. त्याचा बोर्ड वहीदभाईंनीच रंगवला होता, पट्टी न लावता, एकसारख्या अक्षरांत. सभेत सर्वांसमोर हात वर करून म्हणाले होते, "ज्यायनं मह्या संगं साखळी ओढली, त्यायच्यासाठी एक दिवस माही सायकलबी बंद."

बंदच्या दिवशी एसटी आली नाही, म्हणजे पेपरही नाही. चौकातली सगळी शटर खाली होती, मारोतीचं एसटीडी बूथसुद्धा. दुपारी दोनच्या आसपास वहीदभाई पायी आले. रेडिओवर बातमी होती की बाजार कोसळतो आहे, संगणक कंपन्या सगळ्यांत जास्त.

"एक फोन पायजे होता गा," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "चंद्रपूरच्या दलालाले भाव विचारतो. रेघेखाली असन, तं विकतो. साडेतीनले बाजार बंद होते."

माझ्यामागे पोरं उभी होती. मी हळू बोलायला हवं होतं, पण मोठ्यानं बोललो. "लोक उन्हात मजुरीसाठी बसलेत, वहीदभाई. सट्ट्यासाठी बंद मोडायचा?"

पोरं हसली. मारोती पुढे आला. "मांगच्या दारानं या ना, भाई. कोनाले दिसते?"

वहीदभाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग बोर्डाकडे. "अक्षर माहं हाय बापा. मलेच दिसन."

ते समोरच्या पुलाच्या कठड्यावर जाऊन बसले. मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. अडीच वाजले, पावणेतीन वाजले. ते उठले नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाही. मी घोषणा देत होतो आणि माझं सगळं लक्ष त्या मांडीवरच्या घड्याळाकडे होतं.

तीनला तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची जीप आली. पोरांनी अडवली. तेवढ्यात आमच्या अध्यक्षांचा माणूस मोटारसायकलवर आला आणि माझ्या कानात म्हणाला, "जाऊ दे, वरून सांगितलं हाय." मी का म्हणून विचारलं नाही. हात हलवला, पोरं बाजूला झाली, जीप गेली. मी वळून पाहिलं तेव्हा वहीदभाईंची नजर पहिल्यांदा माझ्यावर होती. साडेतीनला त्यांनी घड्याळ मनगटावर बांधलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी विकायला गेले, तर घेणाराच नव्हता. चौथ्या दिवशी शेअर विकले गेले. नसीमाच्या फीपुरतेही हाती आले नाहीत. तिचं वर्ष गेलं. त्या वर्षी ती गावातल्या बालवाडीत शिकवत होती. रस्त्यात दिसली की मी सायकल दुसरीकडे वळवायचो.

महिन्याभरानं हिंमत करून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा मागवला आणि कागद उलगडला. काड्या उतरत उतरत लाल रेघेजवळ आल्या होत्या. मग एक कोरी चौकट, आणि पलीकडची काडी रेघेच्या कितीतरी खाली.

"माझ्यामुळे झालं," मी म्हणालो.

"तुह्यामुळं नाई. दोन रेघा मीच आखल्या होत्या, एक इथी अन् एक त्या बोर्डावर. दोनी एकाच दिवशी आडव्या आल्या." मग चष्मा काढून म्हणाले, "मले एकच सांग. ते जीप कोन्त्या रेघेवर सोडली?"

इतकी पत्रकं लिहिली, पण मी स्वतःसाठी एकही रेघ आखली नव्हती. जिथे आवाज चढेल त्यालाच मी तत्त्व म्हणत होतो.

पुढच्या हंगामात पुन्हा बंद ठरला. मी सभेत आधीच मांडलं: दवाखान्याची गाडी सोडून काहीही जाणार नाही, कुणीही सांगितलं तरी. सगळ्यांनी हात वर केले. वहीदभाईंनी ते वाक्य बोर्डाच्या तळाला लाल रंगात लिहिलं. ठेकेदाराची जीप पुन्हा आली, कानात तोच निरोपही आला. या वेळी मी जीपसमोर बसलो. आठवड्याभरात मला संघटनेतून काढलं.

वहीदभाई त्या संध्याकाळी माझ्याकडे आले. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.

"उठ, पुढारी. रेघेवर विकून बाहेर पडला. थोडक्यात सुटला. लोक आयुष्य घालवतेत अन् निंगत नाईत."

त्यानंतर काही वर्षांनी ते गेले. नसीमा तोवर एका उपकेंद्रात नर्स झाली होती. तिनं मला त्यांचा शेवटचा कागद दिला. आजारपणातही रोजची काडी होती, हात कापत असल्यानं वाकडी, पण मोजून काढलेली. एका मंगळवारपर्यंत. पुढच्या दिवसांचे पेपर तिच्याकडे होते, उरलेल्या चौकटी मी भरू का म्हणून विचारलं.

"नको, कोरंच राहू द्या," ती म्हणाली. "तिथी अब्बा गेले नाई."